किती सरकलं आणि काय तुटलं

नववीच्या विज्ञानात अंतर आणि विस्थापन यांतला फरक शिकवतात. ४०० मीटरच्या धावपट्टीवर एक पूर्ण फेरी मारली की कापलेलं अंतर ४०० मीटर, विस्थापन शून्य. आरंभाच्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंतची सरळ रेषा, तिची लांबी आणि दिशा, एवढाच हिशेब. मधली वळणं, लागलेली धाप, यांना त्यात जागा नाही. गती मोजायला हे पुरतं. माणसं मोजताना मात्र हाच हिशेब वापरला जातो, ते मला अन्यायाचं वाटतं.

हाडांचे डॉक्टर सरकण्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. म्हातारपणी घसरून पडल्यावर मांडीच्या हाडाची मान मोडते. रॉबर्ट गार्डन यांनी १९६१ मध्ये या अस्थिभंगाचे चार प्रकार केले, ते तुकडे कितपत सरकलेत यावरून. कारण हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या याच मानेला लगटून जातात. तुकडे जागेवर असले तर बहुधा स्क्रू घालून हाड सांधता येतं. जास्त सरकले तर वाहिन्या फाटतात आणि डोकं आतून मरू शकतं. म्हणून वृद्धांमध्ये पुष्कळदा हाड जोडत न बसता कृत्रिम सांधा बसवतात. इथे सरकणं मोजायचं ते काय तुटलं हे कळण्यासाठी.

मनातही भावना जागा बदलतात. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९०९ मध्ये घोड्यांना घाबरणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. मूळ भीती वडिलांची, ती घोड्यावर गेली, असा त्याचा अर्थ होता. तो अर्थ पुढे पुष्कळांना पटला नाही. पण वड्याचं तेल वांग्यावर निघतं, हे आपल्याकडे फ्रॉइडच्या आधीपासून माहीत आहे.

आता माणसांचं विस्थापन बघा. कोयनेचं धरण उभं राहिलं आणि खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. माणसं सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्याकडे पाठवली गेली. कागदावर जुनं गाव, नवं गाव आणि मिळालेली जमीन. म्हणजे दोन बिंदू आणि एक रेषा. मुसळधार पावसात भात-नाचणी पिकवण्याचं पिढ्यांचं ज्ञान सोलापूरच्या कोरड्या रानात काय कामाचं? ग्रामदैवत, सोयरिकी, अडीअडचणीला धावणारी भावकी, या वाहिन्या तुटल्या त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची? आणि सरकारवरचा राग सरकारपर्यंत पोचत नाही, तेव्हा तो पाण्यावरून, गायरानावरून शेजारच्या गावावर निघतो. तिथले लोकही गरीबच असतात. त्याला दोन गावांचा तंटा म्हणणं म्हणजे घोड्यालाच दोष देणं.

पुनर्वसन करणाऱ्यांनी निदान हाडांच्या डॉक्टरांइतकी चौकशी करावी. कोयनेचं धरण १९६४ च्या सुमारास पुरं झालं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा झाला १९७६ मध्ये. त्यानंतरही धरणग्रस्तांच्या मुला-नातवंडांना हक्काच्या जमिनीसाठी आंदोलनाला बसावं लागलं आहे.