बेल्हालाचा पाचवा अध्याय

'फायर एम्ब्लेम' या डावपेचांच्या जपानी खेळमालेत १९९० पासून एक कठोर नियम आहे: रणात पडलेला सोबती सहसा परत येत नाही. मालेचे जनक शोझो कागा यांच्या १९९६च्या चौथ्या खेळात खुद्द कथाच तितकी कठोर होते. पाचव्या अध्यायात खेळणारा सगळ्या लढाया जिंकतो. नायक सिगुर्द विजयी होऊन बेल्हाला राजधानीत पोहोचतो आणि स्वागताला उभा असलेला सरदार आर्व्हिसच त्याचा घात करतो. सिगुर्दची हरवलेली पत्नी समोर असते, पण तिला तो आठवत नाही. इथे एकही डाव उपयोगी पडत नाही, आणि या खेळाचं खरं सामर्थ्य याच हतबलतेत आहे. कीर्तनातून अभिमन्यूची कथा ऐकलेल्यांना हे दुःख ओळखीचं वाटेल. सहावा अध्याय सिगुर्दच्या मुलाचा, सेलिफचा. पहिल्या पिढीत जुळलेल्या जोडप्यांची शस्त्रं आणि कौशल्यं तिथे मुलांकडे वारशाने येतात.