हाताचा गुण आणि साक्षीचा खरेपणा

दुखणाऱ्याला आराम पडला, म्हणजे आराम पाडणाऱ्याने सांगितलेले कारणही खरे ठरते काय? प्रश्न लहान दिसतो, पण तो आपल्या घराघरांत उभा राहतो. कमरेत उसण भरली की कोणी पायाळू माणसाकडून लाथ मारून घेतो, कोणी अंग चोळणाऱ्याकडे जातो, तर कोणी शहरात पाटी लावून बसलेल्या मणके बसवणाऱ्याकडे. चार दिवसांनी तो ताठ चालू लागतो आणि भेटेल त्याला सांगतो, "त्याच्या हाताला गुण आहे." या साक्षीत सत्य किती आणि ते कोठवर, याचा विचार येथे करावा असे आम्हांस वाटते.

हातांनी चोळून, दाबून, सांधे हलवून पीडा हलकी करण्याची विद्या फार जुनी आहे. तिला शास्त्राचे रूप देण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी केला. त्यांचा जन्म १८२८ सालचा. वडील मेथॉडिस्ट उपदेशक होते आणि वैद्यकीही करीत. स्टिल स्वतःही वैद्य झाले. १८६४ साली मेनिंजायटिसने त्यांच्या घरातील तीन मुले दगावली. डॉक्टर आले, औषधे झाली, पण मुले वाचली नाहीत. त्या काळची औषधे म्हणजे पाऱ्याचे कॅलोमेल, अफू, मद्य आणि जुलाब. त्यांतील काहींना आज आपण विषच म्हणू. १८७४ साली स्टिल यांनी आपले नवे मत जाहीर केले. हाडे व स्नायू आपापल्या जागी असले आणि रक्त अडथळ्यावाचून वाहिले, तर शरीर आपले आपण बरे होते, असे ते मत होते. त्याला त्यांनी ऑस्टिओपॅथी हे नाव दिले. १८९२ साली मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे त्यांनी शाळा काढली आणि पहिल्याच वर्गात स्त्रियांनाही घेतले.

पाऱ्याला आणि अफूला स्टिल यांनी दिलेला नकार बऱ्याच अंशी योग्य होता. परंतु पाठ मोकळी करणाऱ्या हातांवर त्यांनी घटसर्प आणि डांग्या खोकला बरा करण्याचाही भार टाकला. १८९७ साली निघालेल्या आत्मचरित्रात त्यांनी तसे दावे केले आहेत. त्या सुमारास घटसर्पावरील प्रतिविषाची रक्तलस जर्मनीत व फ्रान्समध्ये मुलांना वाचवू लागली होती. ज्या बापाने आपली मुले निकामी औषधांपायी गमावली, त्याचेच शब्द दुसऱ्या बापाला कामाच्या औषधापासून दूर ठेवू शकत होते. दुःख खरे होते आणि हेतूही शुद्ध होता. पण त्यामुळे दावा खरा झाला नाही.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. आज अमेरिकेतील ऑस्टिओपॅथीची महाविद्यालये औषधे, शस्त्रक्रिया, सर्व वैद्यक शिकवतात आणि तेथून निघालेल्यांना डॉक्टर म्हणून पूर्ण परवाना मिळतो. हातांचा उपचार टाकून दिलेला नाही. त्याला त्याची जागा नेमून दिली आहे.

ती जागा लहान नाही. मूल पडले की आई लागलेली जागा चोळते आणि रडे थांबते. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी याचे कारण मांडले. स्पर्शाची जाणीव मज्जारज्जूत पोहोचली की ती वेदनेची वाट काही अंशी अडवते, असे त्यांचे म्हणणे. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जो सल्ला दिला, त्यात व्यायामाबरोबर मालीश आणि मणक्यांवरील हस्तोपचार यांनाही स्थान आहे. फायदा मध्यम आहे, पण आहे.

मात्र दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. साधी उसण बहुधा काही आठवड्यांत आपोआपच उतरते. तेव्हा शेवटी ज्याचा हात लागला त्याला श्रेय मिळते. आणि मणका दाबताना जो 'कट' आवाज होतो, तो हाड जागी बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी झाल्याने तो होतो.

म्हणून साक्ष देणाऱ्याने आपली सीमा ओळखावी. "मला बरे वाटले" ही खरी साक्ष आहे. ते आपण अनुभवले. "माझा मणका सरकला होता, तो त्याने बसवला" हे आपण पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आपण न्यायालयापुरती समजतो. परंतु शेजारीण आपल्या शब्दावर विसंबून मुलाला कोठे नेते, हेही त्या आज्ञेच्या कक्षेत येते. पाठीचे दुखणे कधी मणक्याचा क्षय असतो, कधी कर्करोग. ताप येतो, वजन घटते, पायांतले बळ जाते किंवा लघवीवरचा ताबा सुटतो, अशा वेळी आधी डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. मान जोराने मुरगळल्याने क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघातही होतो.

कोणी म्हणेल, येशूनेही हात लावूनच बरे केले. होय. ज्या कुष्ठरोग्याला कोणी शिवत नसे, त्याला त्याने स्पर्श केला. पण त्याच माणसाला त्याने याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवण्यास सांगितले. ज्याच्या हातात खरे सामर्थ्य होते, तो तपासणीला भ्याला नाही. मग आपल्यातील हाताच्या गुणाने तिला का भ्यावे?

याचा अर्थ हात आखडून घ्यावेत असा नाही. आपल्या मंडळ्यांत अशी वृद्ध माणसे आहेत की ज्यांच्या खांद्यावर महिनोन्‌महिने कोणाचा हात पडत नाही. त्यांचे पाय चेपून द्यायला कोणत्याही शास्त्राचा दाखला लागत नाही आणि कोणताही दावा करावा लागत नाही. रविवार शाळेच्या शिक्षकांनी मुलांना दोन्ही गोष्टी शिकवाव्यात: दुखणाऱ्याजवळ जाऊन हात लावावा, आणि त्या हाताविषयी बोलताना जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलावे.