कच्ची वही, पक्की वही

सुरतेच्या नवागामला बहिणीकडे गेले होते. डिंडोलीच्या बाजूचा हा भाग. खानदेशातून पोटासाठी आलेली कितीतरी घरं इथे आहेत. गल्लीत मराठी, अहिराणी सहज कानावर पडते. संध्याकाळचं प्रतिक्रमण आटोपून उठले, तर भाची लॅपटॉपसमोर. कापड व्यापाऱ्यांच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहिते ती.

"काय करतेस गं?"

"मावशी, इतिहास साफ करतेय."

मी दचकलेच. मग तिने समजावलं. गिट नावाची व्यवस्था लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी बनवली. केलेल्या बदलांची त्यात नोंद राहते, तिला कमिट म्हणतात: काय बदललं, कोणी, कधी. तिच्या अकरा नोंदी होत्या. 'चुकलं', 'परत चुकलं', 'आता तरी चाल बाबा'. गिटहब डेस्कटॉपमध्ये एक नोंद माउसने उचलून दुसरीवर ठेवली की दोन्हींची एकच होते. बघता बघता अकराच्या तीन झाल्या.

"हे खोटं नाही का?"

"अजून कुणाला पाठवलं कुठे? पाठवल्यावर नाही करत. जुनी नोंद बदलली की पुढच्या सगळ्यांच्या खुणा बदलतात. त्यावर काम करणाऱ्यांची पंचाईत होते."

मला वडिलांचं दुकान आठवलं. कच्च्या वहीत वाट्टेल तसं टिपायचं, पण पक्क्या वहीत खाडाखोड नाही. चूक सापडली तर उलट नोंद करायची. "आमच्याकडे त्याला रिव्हर्ट म्हणतात," भाची हसली. १ एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराचा माग राहिलाच पाहिजे, असा नियम आहे.

पण अकरांतली एक नोंद दुसऱ्याच नावाची होती. मीटरच्या दराचा गुणाकार तिने चुकवला होता. कामावरच्या नव्या मुलाने दुरुस्ती करून पाठवली होती. ती हिच्या नोंदीत मिसळली आणि नाव उरलं फक्त हिचं.

"त्याचं नाव कुठे गेलं?"

ती गप्प झाली. "एवढ्याशा ओळीसाठी..." म्हणाली, पण वाक्य पुरं केलं नाही.

प्रतिक्रमणात तरी आपण काय करतो? दिवसाचा क्षण न् क्षण मोजत नाही. अतिचार व्रतांप्रमाणे लावून म्हणतो. म्हणजे आवरणं तिथेही आहेच, त्यात पाप नाही. वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून पसारा काढला तर ती सेवा. पण त्या पसाऱ्याबरोबर कुणाचं देणं, आपली कुणी दाखवलेली चूक हळूच निघून गेली, तर ती चोरी. आणि अडचण ही की दोन्ही वेळा हात एकच हालचाल करतो. कुणाला पाठवायच्या आधी केलं, एवढ्याने ते निर्दोष ठरत नाही.

मोडलेल्या नोंदी गिट लगेच फेकत नाही; नेमून दिलेली मुदत साधारण ३० दिवसांची. भाचीने मागे जाऊन सगळं परत आणलं, पुन्हा आवरलं. या वेळी चार नोंदी झाल्या. चौथी त्या मुलाची, त्याच्या नावासकट.

मी मात्र रात्रभर जागी. माझ्या मागच्या लेखातला आजीचा प्रसंग मला बहिणीने सांगितला होता. मी तो 'मला आठवतं' म्हणून लिहिला. ओघ बिघडू नये म्हणून. तो लेख छापून झालाय, पक्क्या वहीत गेलाय. म्हणून ही उलट नोंद: तो प्रसंग माझ्या बहिणीचा आहे.