काळी आणि पांढरी

2011 च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला 290 होती. अक्कलकोट तालुका त्याहून विरळ. सुमारे चौदाशे चौरस किलोमीटर जमीन आणि तीन लाखांच्या थोडी वर माणसं, म्हणजे घनता सव्वादोनशेच्या आसपास. दक्षिणेला भीमा, मधून बोरी, पलीकडे कर्नाटक. घरात कन्नड आणि कचेरीत मराठी बोलणारा हा मुलूख. पण सव्वादोनशे ही सरासरी झाली. तशी पसरून माणसं इथे कुठेच राहत नाहीत.

तालुक्यातल्या वागदरी गावाकडे जाताना दोन्ही अंगांना ज्वारी-तुरीचं रान लागतं, घर दिसत नाही. मग एकदम गाव येतं, आणि ते इतकं दाट की जुन्या बोळातून बैलगाडी जेमतेम निघावी. याचं मूळ मातीत आहे. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते. वैशाखात भेगेत मनगटापर्यंत हात जातो. अशा जमिनीवर घराचा पाया टिकत नाही. म्हणून जुन्या जाणत्यांनी काळी पेरायला ठेवली आणि घरं पांढरीवर, म्हणजे पांढरट मातीच्या जागेवर, जरा उंचवट्यावर, भिंतीला भिंत लावून बांधली: हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर माळवद. शिवाय पाऊस बेभरवशाचा. जिरायत रानात एका कुटुंबाला पोटापुरतं पिकवायचं तर जमीन बरीच लागते. गाव दाट आणि शिवार मोकळं, हे त्या हिशेबातूनच आलं.

खरी विरळ वस्ती पाहायची तर बाल्कनमधल्या बोस्नियाकडे पाहावं. तिथल्या कालिनोविक पालिकेचा डोंगराळ मुलूख आपल्या तालुक्याच्या जवळपास निम्मा. 1991 मध्ये तिथे साडेचार हजारांवर माणसं होती. मध्ये युद्ध झालं, आणि 2013 च्या मोजणीत ती दोन हजारांच्या घरात आली. तिथलं मोकळं रान माणसं गेल्याने मोकळं झालं. आपलं मोकळं रान पांढरीवरची माणसं रोज कसतात. दोन्हीकडे शब्द एकच वापरायचा, ‘विरळ’, हे मला पटत नाही.

जुना आकडाही बोलका आहे. 1901 मध्ये अक्कलकोट संस्थानात 82,047 माणसं होती, राजधानीत आठ हजारांच्या थोडी वर, म्हणजे दहातला एक. 2011 मध्ये शहरात चाळीस हजार, तालुक्यातल्या आठांतला एक. शंभर वर्षांत एवढाच फरक! मधल्या काळात रेल्वेकाठच्या दुधनीत तुरीची बाजारपेठ उभी राहिली, अक्कलकोटात 1988 पासून अन्नछत्र सुरू झालं, स्वामी समर्थांच्या दर्शनाला देशभरातून लोक येऊ लागले. तरी 2001 ते 2011 या दहा वर्षांत शहर जेमतेम दोन हजारांनी वाढलं. येणारा माणूस दर्शन घेतो, महाप्रसाद घेतो, गाणगापूरची नाहीतर तुळजापूरची गाडी धरतो.

जनगणना त्याला त्याच्या गावी मोजते. पाणी मात्र तो इथलं पितो, आणि ते बोरीवरच्या कुरनूर धरणातून येतं. त्याच धरणावर मैंदर्गी आणि दुधनीचीही तहान आहे. पाऊस हुकला की आठवड्यातून किती वेळा नळ येणार, याची चिंता इथल्या बायकांना लागते, गर्दी मात्र कमी होत नाही. म्हणून पुढच्या मोजणीबरोबर पालिकेने आपली वेगळी मोजणीही करावी असं मला मनापासून वाटतं: गुरुवारची, पौर्णिमेची, चैत्रातल्या प्रकट दिनाची, आणि पाण्याची मागणी ठरवताना तिन्ही आकडे पुढे ठेवावेत.