फुकटाचं देणं

'फुकट' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. पैसे न मोजता मिळालं ते फुकट, आणि वाया गेलं तेही फुकट. कलिंगड फुकट मिळालं काय किंवा फुकट गेलं काय, फरक फक्त क्रियापदाचा! ज्याला किंमत पडली नाही ते वाया गेल्यातच जमा, असा निकाल आपल्या भाषेनं आधीच देऊन ठेवलेला आहे. त्यातून मी पडलो बी.कॉम. आणि वर बँकेतला कारकून. म्हणजे हा निकाल मला दुप्पट लागू.

आमच्या धंद्यात एकच वेदवाक्य. कुठेतरी नावे पडल्याशिवाय कुठेतरी जमा होत नाही. घेणारा आहे तर देणारा असलाच पाहिजे, आणि देणाऱ्याला आज ना उद्या परत मिळालंच पाहिजे. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आम्ही 'सस्पेन्स' खात्यात टाकतो. नाव रहस्यकथेचं असलं तरी त्यातलं रहस्य एवढंच, की ऑडिटर येईपर्यंत त्या खात्याकडे कोणी फिरकत नाही.

अशा माणसाच्या घरात एक भाचा निघाला, जो दर रविवारी फुकट काम करतो.

ताईचा हा मुलगा शहापूरला असतो. आठवडाभर नोकरी करतो आणि रविवारी सकाळी एसटीनं किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला जातो. तिथे एका मित्राच्या माडीवर त्याच्यासारखी पाचसहा पोरं जमतात. कॉम्प्युटरच्या मोफत प्रोग्रॅममधले इंग्रजी शब्द मराठीत आणतात. कुठे बिघाड आढळला तर तो नीट लिहून करणाऱ्याला कळवतात. जमलं तर दुरुस्तही करून पाठवतात. ताईचं गाऱ्हाणं असं, "अरे, दळण आणायला सांगितलं की याची पाठ दुखते, आणि ज्यांची तोंडं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी दिवसभर खपतो!"

मी त्याची रीतसर उलटतपासणी घेतली.

"पगार किती?"

"नाही."

"मानधन?"

"नाही."

"जाण्यायेण्याचं भाडं?"

"मामा, ते माझं मीच काढतो."

"निदान चहापाणी?"

"मित्राची आई पोहे करते."

म्हणजे एवढ्या मोठ्या जागतिक चळवळीत प्रत्यक्ष मोबदला काय तो पोह्यांचा, आणि तोही मुरबाडच्या एका माउलीच्या खर्चानं!

चळवळ जागतिक आहे हे खरंच. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थांनी जाहीर केलं, की मी कॉम्प्युटर चालवणारी एक सबंध व्यवस्था लिहिणार आणि ती सगळ्यांना वापरायला, उघडून बघायला, बदलायला आणि वाटायला मोकळी ठेवणार. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं त्या व्यवस्थेत नेमका कमी असलेला गाभा हौसेखातर लिहिला. त्या लिनक्सवर आज तुमच्या-माझ्या खिशातला अँड्रॉइड फोन चालतो, आणि जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे २०१७ पासून त्याच्यावर चालतात. बिचाऱ्या स्टॉलमनसाहेबांना मात्र आयुष्यभर एकच गोष्ट समजावत बसावं लागलं, की माझा 'फ्री' म्हणजे मुक्त, मोफत नव्हे. आपल्याकडे मुक्त वेगळं आणि मोफत वेगळं. इंग्रजीची ही अडचण पाहून, खोटं कशाला सांगू, मला जरा बरं वाटलं.

हे सगळं अवघड वाटत असेल तर विरजण आठवा. शेजारच्या वहिनींकडून वाटीभर विरजण आणलं तर त्याचे पैसे कोणी घेत नाही. आपलं दही लागतं, त्यांचं कमी होत नाही. अट एकच आणि तीही न बोललेली: उद्या तिसरीनं मागितलं तर नाही म्हणायचं नाही. स्टॉलमन यांनी १९८९ साली जो परवाना लिहिला, तो वकिली इंग्रजीतला हाच विरजणाचा कायदा. आमच्या सौभाग्यवतींना तो एका वाक्यात समजला. मला तीन रविवार लागले.

पण मराठीच का? इंग्रजी चार शब्द शिकले की भागतं की सगळ्यांचं! यावर भाच्यानं मला माझ्याच काउंटरवर उभं केलं. अंगठा उठवणारी एखादी आजी येते. किती काढायचे ते सांगते. पावती दुसऱ्याच कोणीतरी भरायची आणि तिनं शाईच्या डबीत अंगठा बुडवून त्याच्यावर उठवायचा. कागदावर काय लिहिलंय ते तिला देव आणि लिहिणारा सांगेल तेवढंच! मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानं आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून साठीपुढच्या आज्या अक्षरं गिरवायला बसल्या. अंगठ्याच्या जागी सही आली. आता साठीनंतर 'क' गिरवलेल्या बाईपुढे मोबाईलच्या पडद्यानं फक्त इंग्रजीच बोलायचं ठरवलं, तर आपण तिच्या हातातली पेन्सिल काढून घेऊन पुन्हा शाईची डबी पुढे केली, असाच त्याचा अर्थ. यावर मला उत्तर सुचलं नाही. कारकुनाला उत्तर सुचलं नाही की तो साहेबांकडे बोट दाखवतो; पण घरात साहेब नव्हते.

मग मीही एका रविवारी माडीवर गेलो. ग्नूकॅश नावाचा द्विनोंदी पद्धतीनं हिशेब ठेवणारा एक मोफत प्रोग्रॅम आहे, त्यातल्या शब्दांवर पोरं अडली होती. 'रिकन्साइल'ला एकानं 'समेट करा' असं लिहिलं होतं. पासबुक आणि खातेवही यांचं भांडण झालेलं नसताना समेट कसला? मी 'ताळमेळ' सांगितला. 'डेबिट'ला 'नावे', 'डेप्रिसिएशन'ला 'घसारा'. घसारा हा शब्द ऐकून पोरं इतकी खूश झाली, की बावीस वर्षांच्या नोकरीत वापरलेली माझी सगळी विद्या त्या क्षणी सार्थकी लागली. 'सेव्ह'वर मात्र दीड तास वाद झाला. 'जतन करा' की 'साठवा'? माझ्या मते जतन आठवणी करतात आणि साठवण लोणच्याची. निकाल अजून लागलेला नाही. तेवढ्यात पोहे आले.

कोणी म्हणेल, यात निःस्वार्थ काय आहे? नाव तर लागतंच की! अगदी बरोबर. प्रत्येक दुरुस्तीखाली करणाऱ्याचं नाव आणि तारीख कायमची राहते. पण आपल्याकडे स्टीलच्या डब्यावरही नाव घातलेलं असतं. म्हणून डब्यात लाडू कमी मावतात का? देणाऱ्याला थोडं नाव हवंसं वाटलं म्हणून दान रद्द होत नाही. शंभर टक्के निर्मळ हेतूची वाट पाहत बसलो, तर सोसायटीच्या टाकीचा कॉक बंद करायलासुद्धा माणूस मिळायचा नाही.

खरा प्रश्न पुढेच आहे. विरजण संपत नाही, पण वहिनी दमतात, त्याचं काय?

या पोरांच्या भाषेत मूळ काम जिथे चालतं ती वरची बाजू आणि वापरणारे ते खालची बाजू. शब्द नदीवरून घेतलेले. शहापूरकराला ते समजावून सांगावे लागत नाहीत. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, पुढे भातसाचंही जाऊ लागलं, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यापाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. मुंबईत नळ सोडणारा म्हणतो, मी पाणीपट्टी भरतो, संपलं. नळाला वरची बाजू असते, हे त्याला नळ कोरडा पडला की आठवतं.

असाच एक नळ २०२४ साली कोरडा पडता पडता राहिला. कोरडा कसला, विषारीच व्हायचा! फायली दाबून लहान करणारा 'एक्सझेड' नावाचा प्रोग्रॅम जगभरच्या असंख्य यंत्रांत बसवलेला आहे. तो सांभाळत होता फिनलंडमधला एकच गृहस्थ, नोकरीबाहेरच्या वेळात, बिनपगारी. काम हळू चाललंय म्हणून खालच्या बाजूची माणसं त्याच्यावर करवादू लागली. त्यानं २०२२ मध्ये सांगूनही पाहिलं, की बाबांनो, माझी प्रकृती बरी नाही, आणि ही माझी हौस आहे, नोकरी नव्हे. तेवढ्यात मदतीला एक भला माणूस आला. दोन-अडीच वर्षं इमानेइतबारे राबला, विश्वास कमावला, किल्ल्या हातात आल्या, आणि त्यानं गुपचूप चोरदरवाजा बसवला. नाव खोटं होतं. तो पकडला कोणी? अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं. नेहमीच्या कामाला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढाच त्याचा प्रश्न होता. २९ मार्चला त्यानं शोध जाहीर केला. ऐन मार्चअखेरीला! पन्नास पैशांच्या फरकापायी रात्री नऊपर्यंत खाती तपासणाऱ्या आम्हा बँकवाल्यांचा जगानं इतका मोठा गौरव आजवर केलेला नव्हता.

आता प्रश्न असा, की त्या फिनलंडच्या गृहस्थाचं आपण काही देणं लागतो का? कागदावर नाही. परवान्यात स्वच्छ लिहिलेलं असतं, की वापरा, पण हमी नाही. त्यानं आपखुशीनं दिलं, आपण घेतलं. व्यवहार बंद.

पण बँकेत आम्ही मुदतबाह्य कर्ज नावाचा एक प्रकार शिकतो. वसुलीची मुदत उलटली की कोर्ट पैसे मिळवून देत नाही. तरी कर्ज गेलं असं कायदाही म्हणत नाही. वसुलीचा मार्ग तेवढा बंद झालेला असतो. कर्जदारानं पुढे आपणहून पैसे आणून दिले तर ते दान ठरत नाही, फेडच ठरते. मला वाटतं, फुकट घेतलेल्या चांगल्या वस्तूचं देणं हे या जातीचं असतं. मागणारा कोणी नाही, दावा लागणार नाही, जप्ती येणार नाही. म्हणून देणं नाही, असं मात्र नाही.

ते फेडायचं कसं? पहिला हप्ता जिभेचा. जो बिनपगारी काम करतो त्याच्याशी पगार देणाऱ्यासारखं बोलायचं नाही. दुसरा हप्ता ज्याच्या गल्ल्यात या फुकटाच्या जोरावर कोट्यवधी जमा होतात त्याचा; त्यानं पोह्यांवर न भागवता रोख मोजावी. तिसरा हप्ता आपल्यासारख्यांचा आणि सर्वांत सोपा. आपल्या गावाकडे इर्जिक असते; एकाच्या शेतात सगळे नांगर धरतात, आणि उद्या पाळी दुसऱ्याच्या शेताची. या नव्या इर्जिकीत शेत कोणाचं तेच माहीत नाही, एवढाच फरक. म्हणून दिलेलं परत त्याच दारात नेता येत नाही. ते खालच्या बाजूला, आपल्यानंतर येणाऱ्याला द्यायचं. कोणाला प्रोग्रॅम लिहिता येतो, कोणाला नुसता घसारा हा शब्द माहीत असतो. दोन्ही चालतात.

ताईला हे पटलेलं नाही. तिचा मुद्दा दळणाचा आहे आणि तोही खोटा नाही. जगाचं देणं फेडताना घरची वरची बाजू कोरडी पडू नये. मी तिला एवढंच म्हणालो, खातेवहीचं पान भरलं की खालची बाकी आम्ही पुढच्या पानावर नेतो. पान संपलं म्हणून बाकी संपत नाही. बुडवायची नाही, लपवायची नाही, आणि सस्पेन्समध्ये तर मुळीच टाकायची नाही. पुढच्या पानावर न्यायची.