हस्तिनापूरची माती आणि युधिष्ठिराचा रथ

आजचं चिंतन द्रोणपर्वावर.

"महाभारत घडल्याचा पुरावा दाखव," असं कुणी म्हटलं की आपण पटकन एखादा फॉरवर्ड पाठवतो. पण मातीत खरंच काय सापडलं? १९५०-५२ मध्ये बी. बी. लाल यांनी मेरठजवळच्या हस्तिनापूरला उत्खनन केलं. काळ्या नक्षीची करडी भांडी, कुडामातीची घरं आणि गंगेच्या पुराने वस्ती वाहून गेल्याच्या खुणा मिळाल्या. पुरामुळे राजधानी कौशांबीला हलवली, असं पुराणंही सांगतात. एवढं जुळतं. युद्धाचा पुरावा मात्र तिथे मिळाला नाही.

मग श्रद्धेपोटी थोडं वाढवून सांगितलं तर काय बिघडलं?

युधिष्ठिर अश्वत्थाम्याबद्दल अर्धसत्य बोलला, तेही धर्माच्या बाजूने लढताना. तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकलाच. मला वाटतं, ही कथा मानणाऱ्यानेच तिच्यासाठी खोटं बोलावं, हे तिला मान्य नाही.

भांड्यांवरून माणसं कशी राहत होती ते कळतं. अर्जुनाला पडलेला पेच मात्र रोजच्या जगण्यातच भेटतो.

आजचा संकल्प: खात्री नसलेला 'पुरावा' पुढे पाठवायचा नाही.