करवतीची दुसरी मूठ

नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात वीज यायच्या आधीची गोष्ट. तिथं एक सुतार राहायचा. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. मंडळीत तो पंच, आवाज भारदस्त, त्यामुळे रविवारचा शास्त्रपाठ ठरलेला त्याचाच. घरात काही वाजलं की त्याच्या तोंडी एकच वचन यायचं: इफिसकरांस पत्र, अध्याय 5, वचन 22. बायकांनी आपापल्या नवऱ्याच्या अधीन असावं, असं सांगणारं.

बायकोही काही कमी नव्हती. तिची आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये लिहाय-वाचायला शिकलेली. नातीलाही तिनं पवित्र शास्त्र वाचायची सवय लावली होती. चुलीपुढूनच ती म्हणायची, "पुढं 25 वं पण वाचा." त्यात नवऱ्यांना सांगितलंय, की ख्रिस्तानं मंडळीवर प्रेम करून तिच्यासाठी स्वतःला दिलं, तसं तुम्ही बायकोवर प्रेम करा. तो बावीस म्हणायचा, ती पंचवीस म्हणायची. शेजारी हसायचे, की यांच्या भांडणात पाढे असतात.

त्या वर्षी सुतारानं तिला न विचारता शेळी विकली. तिनं करडापासून वाढवलेली शेळी. तेव्हापासून पंधरा दिवस घरात पाढेही बंद झाले.

अशात देवळासाठी बाक करायचं निघालं. अंगणात लिंबाचं जाड खोड येऊन पडलं. ते कापायची करवत लांबलचक, दोन्ही टोकांना मुठी असलेली. दुसरी मूठ धरणारा धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत लागलेला, आणि बायकोला हाक मारायची सोय राहिली नव्हती. बाकाचं काम पाहायला आलेल्या पाळकसाहेबांनी कोट काढला आणि म्हणाले, "आण, मी धरतो."

चार हात होतायत तोच पातं वाकलं आणि खोडात गच्च अडकलं.

"साहेब, ढकलू नका," सुतार म्हणाला. "ह्या करवतीला ढकललेलं चालत नाही. नुसतं ओढायचं. मी ओढतो तेव्हा तुम्ही मूठ सैल धरायची, तिला येऊ द्यायचं."

"आणि मी ओढतो तेव्हा?"

"तेव्हा मी सैल सोडणार. नाहीतर चालायचीच नाही ती."

"तू तर सुतार. तुलाही सोडावी लागते?"

"सुतार असलो म्हणून काय झालं, साहेब? दोन्ही मुठी सारख्याच."

पाळकसाहेब खोडावरच बसले. तेवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर आली. "बरं झालं, दोघंही आहात," ते म्हणाले. "तू हिचं वचन पाठ केलंयस, आणि हिनं तुझं. बाविसाच्या आधीचं एकविसावं कुणाला येतं?"

दोघंही गप्प. त्या वचनात ना नवरा आहे, ना बायको. ख्रिस्ताचं भय बाळगून एकमेकांच्या अधीन राहा, एवढंच सगळ्या मंडळीला सांगितलेलं आहे. काही अगदी जुन्या ग्रीक हस्तलिखितांत तर बाविसाव्याला स्वतःचं क्रियापदसुद्धा नाही. 'अधीन होणं' ते एकविसाव्याकडून उसनं घेतं. पाळकसाहेबांनी हे काही सांगितलं नाही, पण सांगितलं असतं तर सुताराला पटलं असतं. उसनवारी त्याला चांगली कळायची.

"पण साहेब, नवरा मस्तक आहे असंही तिथंच लिहिलंय," सुतार म्हणाला. पंच होता तो, असा सहज सोडणार नव्हता.

"लिहिलंय ना. ज्या मस्तकाचा दाखला दिलाय त्यानं काय केलं? शिष्यांचे पाय धुतले आणि क्रूसावर जीव दिला. बायकांना तिथं तीन वचनांत सांगून होतं, तुझ्यासारख्यांना सांगायला पौलाला आठ लागली." मग बाईकडं वळून ते म्हणाले, "आणि तूही पंचविसावं काठीसारखं उगारतेस. नवऱ्याचा मान राखायचं तेहतिसाव्यात तुला सांगितलंय." तिनं कपबशा गोळा केल्या.

जाताना ते म्हणाले, "पौल स्वतः तंबू करणारा कारागीर. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहिला, नवरा-बायकोच्या जोडीनं तोच धंदा केला. शास्त्रात त्या दोघांची नावं सुटी कुठं येत नाहीत. आणि बऱ्याच ठिकाणी बायकोचं आधी येतं."

दुसऱ्या दिवशी दुसरी मूठ तिनं धरली. आधी दोनदा अडकली. मग करवतीचा आवाज संध्याकाळपर्यंत शेजारी ऐकू येत होता.

महिन्याभरानं आधीची शेळी नेलेला गिऱ्हाईक राहिलेल्या दुसऱ्या शेळीसाठी दारात आला. सुतारानं आकडा सांगायला तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "थांबा, आत विचारून येतो."

आतून आवाज आला, "तुम्हांला पटेल तसं करा."

"तसं नाही, तू सांग."

"अहो, तुम्ही सांगा की."

गिऱ्हाइकाचा चहा निवला. तो उठून गेला, तरी आत त्यांचं चाललंच होतं. शेळी दावणीला रवंथ करत होती.